एकवीस दिवस कोंबडीचे, अठ्ठावीस टर्कीचे

खुराड्याच्या कोपऱ्यात कोंबडी पिसं फुलवून, अंग पसरून बसली आहे. खाली एकही अंडं नाही, तरी उठत नाही. हात पुढं केला की घशातल्या घशात कुरकुरते, चोच मारते. सातारा-सांगलीकडच्या बायका एका शब्दात निदान करतात, ‘खुडूक झाली.’ मग घरात दोन मतं पडतात. कोणी म्हणतं, बादलीत बुडवून काढा, म्हणजे पुन्हा अंड्यावर येईल. कोणी म्हणतं, रवण घाला, म्हणजे तिच्याखाली अंडी उबवायला ठेवा.

यातलं कुठलं मत केव्हा धरायचं, हे ज्याला कळलं त्याला परसातलं कोंबडीपालन कळलं. खुडूकपणा हा आळस नव्हे आणि आजारही नव्हे. पिढी पुढं न्यायची विद्या कोंबडीच्या अंगात असते, ती अशी वर येते. कोयनेच्या खोऱ्यातल्या पाटणपासून माणदेशातल्या आटपाडीपर्यंत गावठी कोंबड्यांचा वंश याच विद्येवर टिकला. कोंबडीचा पैसा बहुतेक घरात बाईच्या गाठीला राहतो, म्हणून या विद्येची खरी जाणकारही तीच.

अंगात काय घडतं?

गावठी कोंबडी साधारण १० ते १५ अंडी सलग घालते आणि मग खुडूक होते. मेंदूच्या तळाशी असलेल्या ग्रंथीतून प्रोलॅक्टिन नावाचं संप्रेरक जास्त सुटू लागतं. अंडाशय आखडतं, अंडी थांबतात, भूक मंदावते. पोटावरची पिसं झडून कातडी उघडी पडते आणि तिथला रक्तपुरवठा वाढतो. कोंबडीच्या शरीराचं तापमान ४१ अंश सेल्सिअसच्या आसपास असतं. या उघड्या कातडीतून ती ऊब थेट अंड्याला मिळते.

उबवणी यंत्रात ३७.५ अंशांच्या जवळपास तापमान राखावं लागतं, हवेत ओल ठेवावी लागते आणि अंडी पुन्हा पुन्हा फिरवावी लागतात. न फिरवलेल्या अंड्यातला गर्भ कवचाच्या आतल्या पापुद्र्याला चिकटून मरतो. वीज गेली की यंत्राच्या मालकाच्या पोटात गोळा येतो. कोंबडी हे सगळं पोटाखाली आणि चोचीनं करते. दिवसातून एकदा पंधरा-वीस मिनिटं उठते, खाते, पाणी पिते, मातीत लोळते आणि परत बसते. तेवढ्या वेळात अंडी थोडी गार झाली तरी बिघडत नाही.

रवण घालताना

सुरुवात अंड्यांच्या निवडीपासून. नर कळपात असला पाहिजे. अंडी सात दिवसांच्या आतली, मध्यम आकाराची, स्वच्छ आणि बिनतड्याची हवीत. मळलेली अंडी धुऊन घालू नयेत, कारण कवचावरचं संरक्षक आवरण निघून जातं. जत-आटपाडीच्या उन्हाळ्यात घरातच गर्भ अर्धवट वाढू लागतो आणि मरतो. तिथं मडकं ओल्या वाळूत ठेवून त्यात अंडी साठवावीत.

पसरट पाटी किंवा बुट्टी घ्यावी. तळाला राख-माती, वर भाताचं पिंजर किंवा मऊ भुसा. कडुलिंबाचा पाला घातला तर उवा-पिसवांचा त्रास कमी होतो. जागा अंधारी, कोरडी, कुत्र्या-मांजरापासून आणि मुंगसापासून सुरक्षित असावी. कोंबडी रात्री बसवावी. अंधारात ती नवी जागा आणि नवी अंडी सहज स्वीकारते. गावठी कोंबडीखाली १० ते १२ अंडी पुरे. जास्त घातली तर कडेची अंडी गारठतात आणि फिरवाफिरवीत सगळ्यांनाच गारवा लागतो.

विजेच्या कडकडाटानं अंडी वाया जातात असं मानून पाटीत लोखंडाचा तुकडा किंवा कोळसा ठेवायची रीत आहे. पण पावसाळ्यात रवण बिघडते ती ओल, बुरशी आणि भिजलेल्या पिंजरामुळं. पाटी कोरडी ठेवली की अर्धं काम झालं.

सातव्या दिवशी रात्री अंडं मोबाइलच्या दिव्यासमोर धरावं. कोळ्याच्या जाळ्यासारख्या लाल शिरा दिसल्या तर गर्भ जिवंत आहे. आत सगळं लख्ख दिसलं तर अंडं वांझ. चौदाव्या दिवशी पुन्हा पाहावं आणि मेलेली अंडी काढून टाकावीत, नाहीतर एखादं कुजून फुटतं आणि पाटीच नासते. अठराव्या दिवसानंतर मात्र पाटीला हात लावू नये.

पाहुण्या टर्कीची रवण

टर्की मूळची मेक्सिकोकडची. पोर्तुगिजांमुळं ती गोव्यात आली. १६१२ साली मुघल सरदार मुकर्रब खानानं गोव्याहून आणलेला टर्कीचा नर जहांगीर बादशहापुढं ठेवला. त्या पक्ष्याच्या डोक्याचा क्षणाक्षणाला बदलणारा रंग बादशहानं आठवणींत नोंदवला आणि चित्रकार मन्सूरनं त्याचं चित्र काढलं. पुढं बरेलीजवळच्या इज्जतनगरच्या केंद्रीय पक्षी संशोधन संस्थेनं ‘कारी विराट’ ही टर्की विकसित केली.

टर्कीच्या अंड्याला २८ दिवस लागतात. मादी वर्षाला साधारण ६० ते १०० अंडी घालते आणि कोंबडीसारखीच खुडूक होते. ती खाली १० ते १५ अंडी घेऊन निष्ठेनं बसते. मात्र अंग जड असल्यानं अंडी फुटतात, म्हणून घरटं खोलगट आणि मऊ हवं. मोकळी टर्की गवतात, झुडपात अंडी लपवते. दिवसातून दोन-तीनदा गोळा केली नाहीत तर ढीग साठतो आणि मादी लवकर खुडूक होते.

मादी नीट बसत नसेल तर गावठी कोंबडी कामी येते. टर्कीची अंडी मोठी, म्हणून तिच्याखाली पाच-सहाच घालावीत. एकविसावा दिवस सरला तरी ती उठत नाही, आणखी आठवडाभर बसते. तिचं वजन घटतं, म्हणून मका, ज्वारी आणि पाणी पाटीजवळ रोज हवं. कोंबडीच्या पिल्लांनीही त्याच दिवशी बाहेर यावं असं वाटत असेल तर कोंबडीची अंडी आठव्या दिवशी घालावीत, असा हिशेब सांगतात. इथं एक धोका आहे. कोंबडीच्या आतड्यातल्या जंतांमधून टर्कीला ‘ब्लॅकहेड’ हा यकृताचा जीवघेणा रोग होतो. म्हणून टर्कीची पिल्लं जन्मल्यावर वेगळी, कोंबड्या न फिरलेल्या जागेवर वाढवावीत.

टर्कीच्या पिल्लाला खायला शिकवावं लागतं, नाहीतर ते अन्नासमोर उपाशी मरतं. हिरव्या रंगाकडं ते ओढलं जातं. बारीक चिरलेली कोथिंबीर किंवा पालक पसरावा, उकडलेलं अंडं कुस्करून द्यावं. पहिल्या आठवड्यात ३५ अंशांची ऊब हवी, मग दर आठवड्याला सुमारे तीन अंशांनी कमी करावी.

उठवायची असेल तेव्हा

दर वेळी रवण घालणं परवडत नाही. अंडी विकायची असतील किंवा ऊन कडक असेल तर खुडूक मोडावी लागते. त्यासाठी कोंबडीला पाण्यात बुडवतात, नाकात पिसाची काडी घालतात, उलटी टांगतात. यानं तिच्या जिवाला त्रास होतो आणि खुडूक मात्र मोडतेच असं नाही. पोटाला ऊब लागत राहिली की प्रोलॅक्टिन टिकतं, हे ध्यानात घ्यावं. जाळीच्या तळाच्या उंच पिंजऱ्यात, उजेडात आणि वाऱ्यात तिला तीन-चार दिवस ठेवावं. दाणापाणी भरपूर द्यावं. खालून वारा लागला की पोट थंडावतं आणि ती आपोआप उठते. जितक्या लवकर ओळखाल तितक्या लवकर ती अंड्यावर येते. टर्कीलाही हाच उपाय लागू पडतो.

विद्या राखायची कशी?

हैदराबादची वनराजा, बंगळुरूची गिरिराजा या सुधारित जाती वर्षाला जास्त अंडी देतात, कारण त्यांच्यातला खुडूकपणा निवडीनं जवळपास काढून टाकला आहे. मध्य प्रदेशातल्या झाबुआकडची कडकनाथही रवणीला कच्चीच. २०१९ साली इस्लामपूर परिसरातून पसरलेला कडकनाथ पालनाचा करार कोसळला आणि अनेक शेतकऱ्यांचे पैसे अडकले. पिल्लं, खाद्य आणि अंड्याचं गिऱ्हाईक सगळंच दुसऱ्याच्या हाती होतं. ज्याच्या खुराड्यात दोन खुडूक होणाऱ्या गावठी माद्या आहेत, त्याला निदान पिल्लांसाठी कोणाच्या दारात जावं लागत नाही.

म्हणून सुधारित जात जरूर आणा, हवी तर टर्कीही पाळा, पण दहा कोंबड्यांमागं दोन गावठी राखा. उत्तम बसणारी, अंडी न फोडणारी, पिल्लं सांभाळणारी मादी कोणती हे लक्षात ठेवा आणि तिचीच पिलावळ वाढवा. पिल्लांना पहिल्या आठवड्यातच मानमोडीची लस द्या. शिरवळला क्रांतिसिंह नाना पाटील यांच्या नावाचं पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे.  अडचण आली की तिथं किंवा तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात बिनधास्त विचारा.

विसाव्या रात्री पाटीला कान लावा. कवचाच्या आतून पिल्लं चिवचिवत असतात आणि कोंबडी खालच्या आवाजात त्यांना साद घालत असते. पिल्लाच्या चोचीवरचा टणक दाणा आतून कवच टोकरतो. ते स्वतः बाहेर येईपर्यंत कवच सोलायला जाऊ नका. पोटात ओढून घेतलेल्या बलकावर ते दोन दिवस जगतं, त्यामुळं घाई करायचं काही कारण नाही. पहाटे कोंबडीच्या पंखाखालून एक ओलं डोकं बाहेर येतं. तोवर तिनं तीन आठवडे पोटाला चिमटा काढून काढलेले असतात. तिच्यापुढं आधी पाणी ठेवा, मग मूठभर ज्वारी.