निवडुंगाची रोपं मरतात ती ओलीनं
बेळगाव : निवडुंग म्हटलं की वाळवंट आठवतं. म्हणून बी पेरणारे उन्हाचीच काळजी करतात. पण कोवळी रोपं जातात ती ओलीनं. रात्री टवटवीत असलेलं रोप सकाळी बुडाशी पाणचट होऊन आडवं पडलेलं दिसतं. हा मर रोग. रायझोक्टोनिया, फ्युजेरियम अशा बुरशींमुळे होतो. पडलेलं रोप सहसा वाचत नाही, म्हणून खबरदारी पेरण्याआधीच घ्यायची.

आपल्याकडे जून ते सप्टेंबर हवा दमट असते, तेव्हा पेरू नका. फेब्रुवारीत पेरलं तर पावसाआधी रोपांना चार महिने मिळतात.

दोन भाग जाड वाळू, एक भाग चाळलेलं कोकोपीट घ्या. शेणखत नको. मिश्रण अर्धा तास वाफवून थंड करा. सरावासाठी ड्रॅगन फ्रूटच्या बिया चालतात, तोही निवडुंगच. मात्र गर पूर्ण धुऊन काढा, बुरशी आधी त्यालाच धरते.

बी वरच पसरा, पुरू नका. कुंडी पाण्याच्या ताटलीत ठेवून ओल खालून चढू द्या, मग ताटली काढा. वर पारदर्शक झाकण ठेवा. २१ ते २७ अंश तापमानात बहुतेक बिया एक ते तीन आठवड्यांत उगवतात. उगवल्यावर झाकण रोज थोडं जास्त उघडा. उजेड भरपूर, थेट ऊन नको.

एखादं रोप पडलंच, तर भोवतालच्या मातीसकट चमच्यानं उचलून टाका आणि पाणी थांबवा. एकाची दया केली तर अख्खी कुंडी जाते.