तपकिरी बटूची ओळख

आपण पुण्याहून केडगावी येतो तेव्हा रुळांलगतच्या बाभळी झरझर पळतात. दूरचा डोंगर ढळत नाही. आकाशातही जवळचे तारेच बहुधा अधिक सरकताना दिसतात.

१९९४ साली कुरुंदवाडला जन्मलेले श्रीनिवास कुलकर्णी व त्यांचे सहकारी यांना पालोमारच्या दुर्बिणीतून ग्लीझ २२९ या ताऱ्याशेजारी मंद ठिपका दिसला. हा सोबती, की मागचा कोणी दूरस्थ? वर्षभर थांबावे लागले. १९९५ साली दोघे बरोबरीने सरकलेले आढळले. सोबत ठरली, वर्ग ठरवला वर्णपटाने. त्यात मिथेन होता, आणि ताऱ्याच्या धगीत मिथेन टिकत नाही! म्हणजे हा तपकिरी बटू: हायड्रोजनची भट्टी कायम पेटती ठेवण्याइतके वस्तुमान नसलेला. असे मिथेनवाले बटू पुढे ‘टी’ वर्गात गेले. त्यांना आपण ‘थंड’ म्हणतो खरे. पण याची उष्णता सुमारे ७०० अंश सेल्सिअस! २०२४ साली कळले, तो ठिपका एक नव्हे, दोन बटूंची जोडी आहे.