युग्मनृत्यातील बंध व अंगस्थिती

दोन व्यक्तींनी एकत्र नाचावयाचे म्हटले म्हणजे त्यांनी परस्परांस कोठे व कसे धरावयाचे, हा प्रश्न प्रथम उपस्थित होतो. हा प्रश्न सभ्यतेचा आहे, असे सामान्यतः समजले जाते. वस्तुतः तो आधी तोलाचा आहे. मराठी वाचकास याचे प्रत्यंतर फुगडीत सहज मिळेल. ठाणे खाडीकाठच्या रबाळे, घणसोली यांसारख्या आगरी-कोळी गावांपासून थेट तळकोकणापर्यंत गौरी-गणपतीच्या दिवसांत फुगडी रंगते. तीत दोघी समोरासमोर उभ्या राहून हातांची आढी घालतात, पावले जवळ आणतात आणि शरीराचा भार मागे टाकतात. वेगाने फिरणारे शरीर बाहेर फेकले जाऊ पाहते. त्यास आत ओढून धरणारे बळ त्या चार हातांतूनच मिळते. पकड सुटली की दोघीही पडावयाच्याच.

फुगडीच्या प्रकारांची नावे या दृष्टीने लक्षणीय आहेत. दंडफुगडी, बसफुगडी, एका हाताची फुगडी ही नावे धरण्याची रीत किंवा अंगस्थिती सांगतात. धरण्याची रीत बदलली की नावही बदलते. पाश्चात्य युग्मनृत्यांत असे होत नाही. ‘वॉल्ट्झ’ हे नाव गरगर फिरणे या अर्थाच्या जर्मन क्रियापदावरून आले आहे, तर ‘फॉक्सट्रॉट’ या नावात एक चाल सुचविली आहे. नाव गतीस चिकटले, आणि त्या नावाखाली पकड मात्र निमूटपणे बदलत राहिली. आजचा वॉल्ट्झ म्हणजे दोनशे वर्षांपूर्वीचाच वॉल्ट्झ, हा समज बहुधा यातूनच निर्माण झाला असावा.

अठराव्या शतकातील मिन्युएटमध्ये जोडीदारांचा स्पर्श हाताच्या पंजापुरताच असे. शरीरे एकमेकांपासून दूर, पावले बॅलेच्या रीतीने बाहेर वळलेली, आणि नृत्याचे तोंड जणू प्रेक्षकांकडे. वॉल्ट्झ आला तो हे सर्व उलटे करीत. दोघांनी एकाच समाईक अक्षाभोवती फिरावयाचे, तेव्हा समोरासमोर येणे व एकमेकांस धरणे अपरिहार्य झाले. 1816 साली इंग्लंडच्या राजप्रतिनिधीच्या दरबारी समारंभात वॉल्ट्झ नाचला गेला, तेव्हा लंडनच्या ‘टाइम्स’ने त्यावर कडक टीका केली. टीकाकारांना दिसले ते आलिंगन. त्यामागची तोलाची निकड बहुधा कोणी ध्यानात घेतली नाही. तथापि त्या काळची पकड आजच्या मानाने सैलच होती. पुरुषाचा उजवा हात स्त्रीच्या कमरेवर असे, आणि शतकाच्या मध्यास घेरदार झग्यांची रीत आल्यावर दोघांतील अंतर पोशाखानेच राखले.

खरा पालट विसाव्या शतकाच्या दुसऱ्या-तिसऱ्या दशकांत झाला. बाहेर वळलेल्या पावलांऐवजी सरळ, चालण्याची पावले आली. 1920 साली फिलिप रिचर्डसन यांनी लंडनमध्ये नृत्यशिक्षकांची परिषद भरविली, आणि 1924 साली नृत्यशिक्षकांच्या ‘इंपीरियल सोसायटी’ने बॉलरूम नृत्याची स्वतंत्र शाखा काढली. या प्रमाणीकरणातून जी पकड रूढ झाली, तीत पुरुषाचा हात कमरेवरून पाठीच्या फऱ्याखाली सरकला आणि दोघे किंचित बाजूस सरकून उभे राहू लागले, म्हणजे एकाचा पाय दुसऱ्याच्या दोन पायांमध्ये जाण्यास वाट मिळे. पुढील दशकांत स्पर्धांचे वर्चस्व वाढत गेले, तसतशी स्त्रीची मान व पाठीचा वरचा भाग डावीकडे व मागे अधिकाधिक झुकू लागला. या शेवटच्या बदलास तोलाचे कारण पुरेसे नाही. दूर बसलेल्या परीक्षकास जोडीची आकृती भव्य दिसावी, हेच त्याचे मुख्य प्रयोजन म्हणावे लागते.

शरीराचा भार कोणी कसा वाहावा, हा निकष लावला तर तीन अवस्था स्पष्ट दिसतात. फुगडीत दोघी एकमेकींपासून दूर रेलतात. अर्जेंटिनातील टँगोच्या निकट प्रकारात दोघे एकमेकांकडे रेलतात. आणि इंग्लिश पद्धतीच्या वॉल्ट्झमध्ये प्रत्येकाने आपला भार आपल्याच पायांवर ठेवावा, अशी अपेक्षा असते. 1960 नंतर ट्विस्ट लोकप्रिय झाला, आणि त्यात तर धरणेच उरले नाही.

या पार्श्वभूमीवर गोव्याचा मांडो पाहण्यासारखा आहे. एकोणिसाव्या शतकात सासष्टीच्या ख्रिस्ती घराण्यांत तो बहरला. युरोपीय दिवाणखान्यांतील नृत्ये या घराण्यांना चांगलीच परिचित होती. तरीही मांडोत स्त्री-पुरुष समोरासमोर दोन ओळींत उभे राहतात, पुढे येतात, मागे सरतात, परस्परांच्या जागा ओलांडतात. स्त्रीच्या हाती पंखा असतो, आणि एकमेकांस कोणी धरीत नाही. याचे श्रेय केवळ लज्जेला देण्याची प्रथा आहे. ते स्पष्टीकरण अपुरे वाटते. पकड नाही म्हणून जोडीची वेगवान गिरकी नाही; गिरकी नाही म्हणून चाल संथ राहू शकते, आणि शब्द व स्वर यांना वाव मिळतो. मांडो आधी गीत आहे आणि मग नृत्य, हे ध्यानात घेतल्यास ही निवड समजुतीची ठरते.

राहता राहिला परिभाषेचा प्रश्न. ‘पकड’ म्हणताच कुस्ती आठवते, ‘मिठी’ म्हणताच माया. नाट्यशास्त्रात पिंडी, शृंखलिका, लताबंध व भेद्यक अशी समूहरचनांची नावे आहेत. त्यांपैकी ‘लताबंध’ यातील ‘बंध’ हा शब्द घेतल्यास धरणे आणि रचना हे दोन्ही अर्थ एकत्र येतात. ‘सैल बंध’, ‘निकट बंध’, ‘मुक्त बंध’ असे सामासिक प्रयोगही त्यातून सहज साधतील.