पुडा उलटून बघा, मग पैसे द्या

पहाटे नळाचे पाणी भरायचे, सहाच्या गाडीला पळायचे आणि घरी परतायला रात्रीचे आठ वाजायचे. आमच्या कितीतरी भगिनींचा हाच दिनक्रम आहे. कोणी चार घरची धुणीभांडी करते, कोणी कारखान्यात पॅकिंगला जाते, कोणी इस्पितळात आया आहे, कोणी महापालिकेच्या सफाई खात्यात. अशा घरातली मुले संध्याकाळी शाळेतून येतात तेव्हा त्यांच्या हातात काय पडते? कोपऱ्यावरच्या दुकानातला पाच-दहा रुपयांचा पुडा.

"बाजारचे खाऊ नका, घरचेच ताजे खा," असा उपदेश सगळीकडून होत असतो. तो करणाऱ्यांच्या घरी बहुधा स्वयंपाकाला बाई असते आणि ती बाई आपल्याच वस्तीतली असते. तेव्हा तो उपदेश आम्ही येथे करणार नाही. तयार अन्न विकत घेणे यात कमीपणा नाही, आणि ते काही आजचे खूळही नाही. मुंबईच्या गिरणगावात हजारो गिरणी कामगार खानावळीच्याच डब्यावर जगले. त्या खानावळी चालवणाऱ्या बायका कष्टकरीच होत्या. १९७५ साली प्रेमा पुरव यांनी त्यांना एकत्र आणून अन्नपूर्णा महिला मंडळ उभे केले आणि सावकाराऐवजी बँकेचे कर्ज मिळवून दिले. म्हणजे प्रश्न विकतचे की घरचे हा नाही. विकत घ्यायचेच आहे, तर त्याच पैशात पोटात काय जाते, हा आहे. कारण रक्तदाब आणि मधुमेह आता बंगल्यातले रोग राहिले नाहीत. चाळीत, झोपडपट्टीत घरोघरी गोळ्या चालू आहेत आणि एकदा सुरू झालेली गोळी महिन्याच्या पगारातून कायमचा वाटा घेते.

प्रथम पोळी-भाजी केंद्राविषयी. वस्तीतल्याच कोणा मावशीने चालवलेले असे केंद्र जवळ असेल तर पुड्यातल्या कोणत्याही जेवणापेक्षा ते बरे, असे आमचे स्पष्ट मत आहे. पोळ्या-भाकरी आपल्यासमोर होतात, पीठ दिसते, तेल दिसते. भाजी घेताना मात्र बटाट्यावर बोट ठेवण्यापूर्वी मटकी, चवळी, हरभऱ्याची उसळ आहे का ते विचारावे. पोळी आणि बटाटा दोन्ही पिष्टच. उसळीने अंगात प्रथिने जातात. भाजीवर तेलाचा तवंग तरंगत असेल तर घरी आल्यावर वरचे तेल चमच्याने काढून टाकावे. सोबत एक कांदा, एक काकडी किंवा टोमॅटो चिरला आणि लिंबू पिळले की चौरस जेवण होते. हे चिरण्याचे काम घरातल्या पुरुषांनाही जमते, याची आठवण जाता जाता करून देतो.

इडली-डोशाचे तयार ओले पीठ हीदेखील चांगली खरेदी आहे. तांदूळ आणि उडीद, भिजवून, वाटून, आंबवून. यात वाईट काही नाही. पिशवीवरची तारीख पाहावी, थंड कपाटात ठेवलेलीच पिशवी घ्यावी आणि घरी फ्रीज नसेल तर त्याच दिवशी संपवावी. आंबण्यामुळे पिशवी थोडी फुगते, त्याला घाबरू नये. मात्र शिजवलेल्या आमटी-भाजीचे बंद पाकीट फुगलेले असेल तर ते न उघडता फेकून द्यावे.

आता खरा मामला, म्हणजे छापील पुडा. त्याची पुढची बाजू जाहिरातवाल्याने लिहिलेली असते, मागची कायद्याने लिहायला लावलेली असते. म्हणून पुडा उलटा करावा. मागची अक्षरे बारीक आणि बहुतेक वेळा इंग्रजीत असतात. आपल्याला वाचता येत नसतील तर सहावी-सातवीतल्या मुलाला किंवा मुलीला बरोबर न्यावे आणि मोठ्याने वाचायला लावावे. शिक्षणाचा असा रोकडा उपयोग आईच्या डोळ्यांसमोर झाला तर मुलालाही अभिमान वाटतो.

पहिली गोष्ट घटकांची यादी. जो पदार्थ वजनाने सर्वांत जास्त तो यादीत आधी लिहावा, असा नियम आहे. पहिल्या जागेवर 'रिफाइंड व्हीट फ्लोअर' असेल तर तो मैदा. पहिल्या तिनांत साखर आणि पाम तेल दिसले तर तो खाऊ आहे, जेवण नव्हे. मग पुढच्या बाजूला गव्हाच्या लोंब्या छापल्या असोत की धावणारा मुलगा. 'नाचणीचे बिस्कीट', 'मल्टिग्रेन' असे मोठ्या अक्षरात लिहिलेले असेल तर नाचणी किती टक्के आहे ते मागे छापावे लागते. तो आकडा शोधावा. कित्येकदा हसू येईल. तपकिरी पाव म्हणजे गव्हाचाच असेही नाही. यादीत आधी मैदा आणि शेवटी १५० क्रमांकाचा रंग असेल तर तो मैद्याचाच पाव, कॅरॅमलने रंगवलेला.

दुसरी गोष्ट मीठ. पुड्यावर ते 'सोडियम' या नावाने मिलिग्रॅममध्ये असते. मोठ्या माणसाने दिवसभरात ५ ग्रॅमपेक्षा कमी मीठ खावे, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. ५ ग्रॅम म्हणजे सपाट एक चमचा, आणि सोडियमच्या हिशेबात २००० मिलिग्रॅम. समजा, नूडल्सच्या पुड्यावर १०० ग्रॅममागे १००० मिलिग्रॅम सोडियम लिहिले आहे आणि पुडा ७० ग्रॅमचा आहे. मग त्या एका पुड्यात ७०० मिलिग्रॅम झाले. अडीचने गुणले की मीठ पावणेदोन ग्रॅम, म्हणजे मोठ्या माणसाच्या दिवसाच्या मिठाचा तिसरा हिस्सा एका बशीत. आणि ती बशी असते आठ वर्षांच्या पोराच्या पुढ्यात, ज्याला मीठ याहूनही कमी हवे. वर पापड, लोणचे, फरसाण वेगळेच.

हा हिशेब करताना एक फसगत होते. काही पुड्यांवर आकडा 'प्रति सर्व्हिंग' असा मोठा दिसतो आणि एक सर्व्हिंग म्हणजे ३० ग्रॅम असे बारीक अक्षरात असते. पुडा मात्र आपण पुरा खातो. म्हणून १०० ग्रॅमचा आकडाच धरावा आणि त्याच पद्धतीने साखर बघावी. १०० ग्रॅम बिस्किटांत २५ ग्रॅम साखर असेल तर ते पाच चमचे झाले, आणि चहातली साखर त्याच्यावर.

मग नूडल्स बंदच करायचे का? घरात मुले असतील तर ते होणार नाही, हे आम्हांलाही कळते. रोजचे आठवड्यातून एकदा करावे. मसाल्याची पुडी अर्धीच टाकावी, कारण बरेचसे मीठ तिच्यात असते. पाण्यात मूठभर वाटाणे, किसलेले गाजर किंवा कोबी घालावा आणि वर एक अंडे फोडावे. एका अंड्यात सुमारे ६ ग्रॅम प्रथिने असतात. एवढ्याने तीच बशी जेवणाच्या जवळ येते.

पाच-दहा रुपयांच्या पुड्यांशी तुलना करायची तर भट्टीवरचे चणे-शेंगदाणे अजून कोणाला हार गेलेले नाहीत. १०० ग्रॅम भाजक्या चण्यांत सुमारे २० ग्रॅम प्रथिने असतात. कुरमुरे, चणे, कांदा, लिंबू यांची भेळ, राजगिऱ्याचा लाडू, शेंगदाण्याची चिक्की, केळे. पोर शाळेतून आल्यावर त्याला स्वतःच्या हाताने घेता येईल असे हे सारे आहे. पण चणे-कुरमुरे विकणाऱ्याकडे रंगीत चकचकीत पुड्याची माळ नसते, म्हणून पोराचे लक्ष तिकडे जात नाही. तेव्हा डबा भरून ठेवण्याचे काम मोठ्यांचे.

दुधात घालायच्या पावडरीविषयी भगिनी हमखास विचारतात. पोर उंच होईल, हुशार होईल या आशेने पोटाला चिमटा घेऊन त्या डबा आणतात. एप्रिल २०२४ मध्ये केंद्र सरकारने ऑनलाइन विक्री करणाऱ्या कंपन्यांना अशी पेये 'हेल्थ ड्रिंक' या सदरातून काढायला सांगितले, कारण अन्नाच्या कायद्यात 'हेल्थ ड्रिंक' अशी व्याख्याच नाही. त्याच वर्षी जूनमध्ये फळांच्या रसाच्या खोक्यांवरचा 'शंभर टक्के फळांचा रस' हा दावाही काढायला लावला. त्या डब्याच्या पैशात महिन्याची अंडी किती येतील, हे दुकानातच मोजून पाहावे.

सुकट-बोंबील हे आपल्या घरातले जुने, स्वस्त आणि पौष्टिक तयार अन्न. त्याची लाज वाटून घेण्याचे कारण नाही. खारवलेले असेल तर मात्र कोमट पाण्यात भिजवून दोनदा धुवावे आणि कालवणात वरून मीठ घालू नये. घरात रक्तदाबाचा रुग्ण असेल तर हे विसरू नये.

गरम करून खायची राजमा, छोले, डाळीची पाकिटे आता तालुक्याच्या दुकानांतही मिळतात. अन्न शिजवून, पाकिटात सीलबंद करून ते पुन्हा सुमारे १२१ अंशांवर तापवतात. त्यामुळे जंतू मरतात आणि अन्न फ्रीजशिवाय महिनोन्‌महिने टिकते. मैसूरच्या संरक्षण अन्न संशोधन प्रयोगशाळेने सैनिकांसाठी हे तंत्र आपल्या देशात विकसित केले. रोज परवडणारी ही वस्तू नव्हे, आणि मीठही बरेच असते. पण रात्रपाळीला, आजारपणात हाताशी एखादे असावे. राजमा किंवा डाळीचेच घ्यावे, मलईच्या भाजीचे नको. पाण्याने पातळ करून, घरचा भात लावून एका पाकिटात दोघे-तिघे जेवतात.

६ डिसेंबरला चैत्यभूमीवर किंवा दसऱ्याला दीक्षाभूमीवर दोन-दोन दिवसांच्या प्रवासाने येणाऱ्यांनी शिदोरीत भाकरी, कोरडी शेंगदाण्याची चटणी, भाजके चणे, चिक्की ठेवावी. ओली चटणी आणि दह्याचे पदार्थ नकोत. उकडलेली अंडी पहिल्या जेवणातच संपवावीत. वाटेत वडा-भजी घेतली तर ती वर्तमानपत्राच्या कागदात बांधून घेऊ नयेत. शाईतले विषारी घटक तेलात उतरतात, म्हणून अन्न सुरक्षा प्राधिकरणाने २०१६ साली आणि पुन्हा २०२३ साली तसे बजावलेले आहे. आमचे साप्ताहिकही त्याला अपवाद नाही. ते वाचावे, जपून ठेवावे. वड्यासाठी घरचा डबा पुढे करावा.