एक्लेसिया आणि आपली मंडळी

निजामी अंमलात झरीसारख्या परभणीकडील गावी दवंडी फिरली, की हातातले काम टाकून माणसे घराबाहेर पडत आणि चावडीपुढे गोळा होत. अशा जमलेल्या समुदायास आपण सहजच 'मंडळी' म्हणतो. ख्रिस्ती धर्मग्रंथातील 'एक्लेसिया' या ग्रीक शब्दाचे मूळ नेमके येथेच आहे. 'एक्' म्हणजे बाहेर आणि 'कालेइन्' म्हणजे बोलावणे. अथेन्स नगरीत प्निक्स टेकडीवर राज्यकारभाराचा निर्णय करण्यासाठी जमणारी नागरिकांची सभा, हा त्याचा लौकिक अर्थ.

पुढे अलेक्झांड्रियातील यहुदी पंडितांनी हिब्रू शास्त्र ग्रीकमध्ये उतरविताना, ईश्वरासमोर एकत्र आलेल्या इस्राएल लोकांच्या समुदायास अनेक ठिकाणी हाच शब्द योजिला, आणि त्यामुळे आद्य ख्रिस्ती लोकांनी तो उचलला तेव्हा त्याच्या अंगी नागरी अधिकार व धर्मनिष्ठा ही दोन्ही तेजे मुरलेली होती. चार शुभवर्तमानांपैकी केवळ मत्तयाच्या शुभवर्तमानात, १६ व्या आणि १८ व्या अध्यायांत, तो आढळतो. प्रेषित पौलाच्या पत्रांतून मात्र तो पदोपदी येतो. अथेन्सच्या सभेत स्त्रियांना व दासांना स्थान नव्हते. उलट रोमकरांस लिहिलेल्या पत्राच्या १६ व्या अध्यायात पौल किंख्रिया येथील एक्लेसियाची सेविका फीबी हिची आदरपूर्वक शिफारस करतो, आणि तंबू शिवणाऱ्या प्रिस्का व अक्विला या दांपत्याच्या घरी भरणाऱ्या एक्लेसियासही नमस्कार सांगतो. शब्दाचे हे औदार्य मला फार मोलाचे वाटते.

त्या काळी एक्लेसिया म्हणजे इमारत नव्हतीच. कालांतराने लॅटिनमार्गे पोर्तुगीजांत गेलेला हाच शब्द 'इग्रेजा' झाला, गोव्यात 'इगर्ज' झाला, उर्दूत 'गिरजा' झाला, आणि या प्रवासात माणसे मागे पडून भिंती व घंटा तेवढ्या उरल्या. मराठीने मात्र अर्थ राखला. १८११ साली बंगालमधील श्रीरामपूरच्या छापखान्यातून निघालेल्या विल्यम केरी यांच्या नव्या करारापासून, केडगावच्या मुक्ती मिशनात पंडिता रमाबाईंनी हिब्रू व ग्रीक शिकून आयुष्याच्या अखेरीपर्यंत, म्हणजे १९२२ पर्यंत, चालविलेल्या संपूर्ण बायबलाच्या भाषांतरापर्यंत आपल्या भाषेने या शास्त्रासाठी अपार श्रम केले. आणि प्रचलित मराठी बायबलात एक्लेसियासाठी जो 'मंडळी' हा शब्द रूढ आहे, तो वऱ्हाडी मंडळी, भजनी मंडळी असे म्हणणाऱ्या कोणाही कुणब्यास कोशावाचून कळतो. इंग्रजी 'चर्च'पेक्षा तो मुळाच्या अधिक निकट आहे, असे माझे स्पष्ट मत आहे.

जिज्ञासू वाचकांनी 'प्रेषितांची कृत्ये' या पुस्तकाचा १९ वा अध्याय अवश्य वाचावा. इफिस येथील सोनाराने चिथाविलेला, आपण कशासाठी जमलो हेही बहुतेकांस ठाऊक नसलेला जमाव, आणि नगराच्या चिटणीसाने ज्या कायदेशीर सभेकडे दाद मागण्यास सांगितले ती सभा, या दोहोंसही त्या पुस्तकाचा कर्ता लूक याने एक्लेसिया हाच शब्द वापरला आहे.