रानाची नोंदवही कशी ठेवावी?



सातबाऱ्यावर पिकाची नोंद होते, रानाची मात्र कुणी ठेवत नाही. "पूर्वी रान दाट होतं," असं म्हातारी माणसं सांगतात. किती दाट, कोणती झाडं, हे विचारलं की उत्तर सापडत नाही.

साक्री तालुक्यातलं बारीपाडा आपल्याच जिल्ह्यातलं. उघड्या पडलेल्या डोंगरावर तिथल्या गावकऱ्यांनी १९९० नंतर तोड बंद केली, पाळीपाळीने राखण केली. आज तिथे चारशे हेक्टरांहून जास्त रान उभं आहे. या कामाचे पुढारी श्री. चैत्राम पवार यांना २०२५ साली पद्मश्री जाहीर झाली. पांझरा नदी याच तालुक्याच्या डोंगरात उगम पावून तापीला मिळते. म्हणून तिकडच्या रानाचं बरंवाईट नरडाण्याच्या शेतकऱ्याला परकं नाही.

पण राखलेलं रान खरंच सुधारतं आहे का? घाणेरी माजली तरी डोंगर लांबून हिरवाच दिसतो. हे नजरेनं कळत नाही, मोजावं लागतं. तामिळनाडूत मुदुमलाईच्या जंगलात १९८८ साली ५० हेक्टरांचा तुकडा आखला. तिथे झाडांना नंबर देऊन, किती मेली आणि किती नवी आली, हे वर्षानुवर्षं मोजलं आहे. आपल्याला एवढा पसारा नको. गावातल्या चार-पाच जणांनी वर्षातले तीन-चार दिवस दिले तरी पुरे.

काम असं करा

१. आधी वनरक्षकाला भेटून वनखात्याची परवानगी घ्या. स्थानिक गावकऱ्यांना बरोबर घ्या. झाडांची, रानभाज्यांची नावं त्यांच्या बायामाणसांना तोंडपाठ असतात.

२. २० मीटर लांब, २० मीटर रुंद असे तीन तुकडे आखा: एक दाट, एक विरळ, एक चराईचा. नुसतं चांगलं रान निवडू नका.

३. प्रत्येक झाडाचा घेर जमिनीपासून १.३ मीटरवर, म्हणजे छातीइतक्या उंचीवर, टेपने मोजा. तिथेच रंगाचा पट्टा ओढा. खिळा ठोकू नका.

४. तुकड्यात पाच ठिकाणी एक मीटरचा चौकोन धरून रोपं आणि गवत पाहा. अंजन, धावडा, मोह यांची मोठी झाडं आहेत, पण रोप एकही नाही, तर रान म्हातारं होत चाललं असं समजा. पवन्या, मारवेल वाढलं तर सुधारणा आहे. नुसती कुसळी उरली तर चराई जास्त होते आहे.

५. दरवर्षी त्याच तारखेला जा. दिवाळी मागेपुढे होते, म्हणून सणावर नको. ऑक्टोबरची एक तारीख धरा.

६. काही सापडलं नाही, तर "शून्य" असं लिहा. जागा कोरी सोडू नका.

एक चूक माझीच सांगतो. पहिल्या वर्षी आम्ही कोपऱ्यांना नुसत्या काठ्या रोवल्या. दुसऱ्या वर्षी काठ्याही नाहीत आणि तुकडाही सापडेना! सगळी मेहनत वाया गेली. तुम्ही मोठे दगड पुरा, आणि वाटेवरच्या ओळखीच्या खुणेपासून किती पावलं, तेही वहीत लिहा.

वहीच्या दोन प्रती करा. एक गावात ठेवा, एक वनखात्याला द्या. पाच-दहा वर्षांनी चराई कुठे थांबवायची, रोपं कुठे लावायची, हे ती वहीच सांगेल. या ऑक्टोबरला पहिलं पान लिहा.