मुलांचा ल्युकेमिया: औषध, ताप आणि हाडं

लहान मुलांमध्ये सर्वांत जास्त आढळणारा कॅन्सर म्हणजे ल्युकेमिया. त्यातही मोठा वाटा ‘अ‍ॅक्यूट लिम्फोब्लास्टिक ल्युकेमिया’ म्हणजे एएलएलचा. अस्थिमज्जेत अपक्व पांढऱ्या पेशींची बेसुमार वाढ होते आणि निरोगी रक्त तयार व्हायला जागाच उरत नाही. १९४८पूर्वी असं मूल निदानानंतर काही महिनेच जगत असे. आज चांगल्या सोयी असलेल्या देशांत दहापैकी नऊ मुलं बरी होतात. कॅन्सरच्या पेशी मारणं, त्या काळात जंतुसंसर्गापासून मुलाला जपणं आणि औषधांमुळे होणारी इजा टाळणं, या तिन्ही बाजूंनी झालेल्या संशोधनाचं हे फळ आहे.

सुरुवातीचा धागा मुंबईचा

१९२८मध्ये डॉ. ल्यूसी विल्स मुंबईत आल्या. गिरणीत राबणाऱ्या गरोदर बायकांचा रक्तक्षय यीस्टच्या अर्काने बरा होतो, हे त्यांनी दाखवून दिलं. त्या अर्कातला गुणकारी घटक पुढे फॉलिक अ‍ॅसिड म्हणून ओळखला गेला. नव्या पेशी घडायला तो लागतोच. बोस्टनच्या डॉ. सिडनी फार्बर यांनी तो ल्युकेमियाच्या मुलांना दिला, तेव्हा आजार उलट बळावल्यासारखा दिसला. मग फॉलिक अ‍ॅसिडचं काम रोखणारं औषध का देऊ नये? मूळचे आंध्रचे डॉ. यल्लाप्रगडा सुब्बाराव यांच्या अमेरिकेतल्या प्रयोगशाळेने अमिनोप्टेरिन तयार केलं. १९४८च्या अहवालानुसार १६पैकी १० मुलांना उतार पडला. आजार काही महिन्यांत उलटला, तरी दिशा सापडली होती. त्याच घराण्यातलं मेथोट्रेक्सेट आजही दिलं जातं.

अनेक औषधं, दोन-तीन वर्षं

एका औषधाला पेशी लवकर दाद देईनाशा होतात. म्हणून १९६०च्या दशकात अनेक औषधं एकत्र, दोन-तीन वर्षं देणं सुरू झालं. त्यांतलं व्हिन्क्रिस्टिन आपल्या अंगणातल्या सदाफुलीतून मिळतं. तरीही आजार मेंदूभोवतीच्या पाण्यात दडून राही, कारण तिथवर औषधं नीट पोचत नसत. मेम्फिसच्या सेंट ज्यूड रुग्णालयात डॉ. डोनाल्ड पिंकेल यांनी त्या भागावरही उपचार केले आणि १९७०च्या सुमारास निम्मी मुलं पूर्ण बरी होऊ लागली. तेव्हा डोक्याला रेडिएशन देत. आता बहुतेक मुलांना त्याऐवजी कण्यातून औषध टोचतात.

ताप आला तर

केमोथेरपीमुळे जंतूंशी लढणाऱ्या न्यूट्रोफिल पेशीही घटतात. त्या रक्ताच्या एका मायक्रोलिटरमध्ये ५००च्या खाली गेल्या, की धोका फार वाढतो. पेशीच नसल्याने पू होत नाही, सूज फारशी दिसत नाही. कित्येकदा ताप हीच एकमेव खूण असते. म्हणून घरी पॅरासिटामॉल देऊन वाट पाहू नये, लगेच रुग्णालय गाठावं. तिथे रक्ताचा नमुना घेऊन, अहवालासाठी न थांबता, तासाभरात शिरेतून अँटिबायोटिक सुरू करावं लागतं. एका विशिष्ट न्यूमोनियापासून बचावासाठी कोट्रायमॉक्साझोलही देतात. त्याचा उपयोग १९७७मध्ये मेम्फिसमध्येच सिद्ध झाला.

हाडांना बसणारी झळ

स्टेरॉइड हा उपचाराचा कणा आहे, पण त्यामुळे हाडं ठिसूळ होऊ शकतात. काहींच्या खुब्याच्या किंवा गुडघ्याच्या हाडाचा रक्तपुरवठा तुटून तो भाग मरतो. दहा वर्षांवरील मुलांना हा धोका अधिक. मूल लंगडू लागलं किंवा मांडीत, गुडघ्यात दुखतं म्हणालं, तर डॉक्टरांना लगेच सांगावं. सुरुवातीला एक्स-रे स्वच्छ दिसतो, एमआरआयमध्ये मात्र कळतं. उपचाराच्या एका टप्प्यात डेक्सामेथासोन हे स्टेरॉइड सलग न देता मध्ये एक आठवडा थांबून दिलं, तर मोठ्या मुलांमधला हा त्रास घटतो, असं अमेरिकेतल्या मोठ्या चाचणीत दिसलं.

उपचार अर्धवट नको

भारतात १९८०च्या दशकात मुंबईच्या टाटा मेमोरियलसह दिल्ली आणि चेन्नईच्या केंद्रांनी ‘एमसीपी-८४१’ ही ठरावीक उपचारपद्धती राबवली आणि बऱ्या होणाऱ्या मुलांचं प्रमाण वाढलं. पण पहिल्या महिन्यानंतर मूल खेळायला लागतं आणि घरात कुणीतरी म्हणतंच, ‘आता बरा आहे की, कशाला सुया टोचायच्या?’ त्या वेळी शरीरात कोट्यवधी घातक पेशी उरलेल्या असू शकतात. आजच्या चाचण्या दहा हजारांतली एक पेशीही हेरतात, ते याचसाठी. प्रवास, खोली, पैसे यांची अडचण असेल तर रुग्णालयातल्या समाजसेवा विभागाला पहिल्याच भेटीत सांगावं. औषध मात्र डॉक्टर थांबवतील तेव्हाच थांबवावं.